पानाला न चिकटणारं पाणी

"पाणी फक्त पाण्याचं असतं. बाकीचं सगळं जग त्याला परकं," असं होडीत उभं राहून गंभीरपणे सांगत असतानाच खियेम सरांचा तोल गेला आणि ते होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात बसले.

होडी डोलली. आजूबाजूची कमळाची पानं दोन-चारदा वाकली, त्यांच्यावरचे दवाचे थेंब इकडून तिकडे पळाले आणि पुन्हा आपापल्या पानाच्या मधोमध येऊन थांबले. मागच्या टोकाला वल्हं धरून बसलेल्या लुआनं सरांकडे न बघताच अंग थोडं डावीकडे झुकवून होडी सावरली.

"आणि तुमच्या विजारीला काय धरून बसलंय ते?" तिनं विचारलं.

सरांनी हातानं चाचपून पाहिलं.

"विजार सुती आहे," ते म्हणाले. "सुताचा रेणू ध्रुवीय असतो. त्याला पाण्याची ओढ असते. तो अपवाद झाला."

"मग उद्यापासून अपवाद घरी ठेवून या."

उजाडायला अजून थोडा अवकाश होता. तळ्याच्या चारही बाजूंना राजांच्या जुन्या राजधानीचं ह्वे शहर आहे असं म्हणतात. त्या वेळी ते दिसत नव्हतं. धुकं पाण्यावर इतकं खाली उतरलं होतं की होडी कशावर तरी टेकली आहे हे नुसतं मानून चालायचं. धुक्यातून एकेक पान जवळ येई, दांड्यावर हलकेच डुले, आणि त्याच्या वाटीत तो गोल थेंब असे, आतून उजेड लागल्यासारखा. लुआ पानाची कड दोन बोटांनी वाकवायची. थेंब घरंगळून सरांच्या हातातल्या चिनी मातीच्या सुरईत पडायचा. पान पुन्हा वर जायचं, कोरडं, जणू त्याच्यावर कधी काही नव्हतंच.

खियेम सरांच्या आडनावात राजघराणं होतं. ह्वेमध्ये ही फारशी अडचणीची गोष्ट नाही; बऱ्याच घरांत असतं. त्यांचे आजोबा राजवाड्यात दिव्यांच्या तेलाचा हिशेब ठेवत, पण नातवंडांना सांगताना राजाच्या चहाबद्दल सांगत. राजाचा चहा म्हणे कमळाच्या पानावरच्या दवात होई. आजोबांनी तो कधी प्यायला नव्हता, त्यामुळे त्याच्या चवीबद्दल ते अगदी ठामपणे बोलू शकत. सरांनी शाळेत अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर या प्रकरणाचा शास्त्रीय निकाल लावायचं ठरवलं. दव म्हणजे शेवटी पाणीच, हे सिद्ध करायला एक सकाळ पुरली असती. कमळाचे दोन हंगाम झाले, प्रयोग चालूच होता.

बाजारातल्या बायका लुआला विचारत, "सरांचा प्रयोग कुठवर आला गं?"

"पाणी गोळा होतंय," लुआ म्हणे.

या तळ्यातली कमळं लुआनं मक्त्यानं घेतली होती. संध्याकाळी अर्धवट उमललेल्या कळ्यांत ती कोरडी चहापत्ती भरी, गवताच्या पात्यानं कळी बांधी आणि रात्रभर तशीच सोडी. सकाळी कळी खुडली की चहाला कमळाचा वास लागलेला असे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती मोजकं बोले, पण मोजकं म्हणजे गोड नव्हे. पहिल्या दिवशी सर तळ्याच्या काठावर सुरई घेऊन उभे राहिले तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "पोहता येतं का?" येत नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग मधे बसा."

परवा, रविवारी, सरांची सायगॉनची गाडी होती. मुलगी, उयेन, त्यांना न्यायला आली होती. भेटीला नव्हे, कायमचं राहायला. हे लुआला सांगायचं होतं, आणि हे सांगून झाल्यावर लगेच आणखी एक वाक्य सांगायचं होतं, ज्यावर गाडीत बसायचं की नाही हे ठरणार होतं. सर हा अख्खा महिना तेवढ्यासाठी येत होते. पण वाक्य जिभेच्या टोकाशी आलं की पाण्याचा रेणू आडवा येई.

आजही आला.

"पाण्याच्या रेणूला दोन टोकं असतात, लुआबाई," सर तळाशी नीट मांडी घालत म्हणाले. "एका टोकाला ऋणभार जरा जास्त, दुसऱ्या टोकाला जरा कमी. एकाचं जास्तीचं टोक शेजारच्याच्या कमीच्या टोकाकडे ओढलं जातं. असे सगळे एकमेकांना धरून असतात. म्हणून तर थेंब गोल."

"म्हणजे ज्याच्यात काही कमी असतं, तोच दुसऱ्याला धरतो."

"ढोबळमानानं," सर म्हणाले. मग थोडा वेळ सुरईत बघत राहिले. "अगदी ढोबळमानानं."

"आणि पान?"

"पानावर मेणाचे बारीक बारीक कण असतात. मेणाच्या रेणूत असं कमी-जास्त काही नाही. सगळीकडे सारखं. त्याला पाण्याकडून काही नको."

"सुखी आहे."

"त्याला अध्रुवीय म्हणतात."

"आमच्याकडे सुखीच म्हणतात." लुआनं एक पान वाकवलं. थेंब सुरईच्या कडेवर क्षणभर अडला आणि आत गेला. "पण मेण मेणाला तर धरतंच की. मेणबत्तीचा काही भुगा होऊन पडत नाही."

सरांनी मान वर केली. अडतीस वर्षांत हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर सरांनीही 'हे परीक्षेला नाही' म्हणून सोडून दिला असता.

"धरतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज आपोआप खाली आला. "पण फार हलकं. त्याचं काय असतं, रेणूतले इलेक्ट्रॉन सारखे हलत असतात. हलता हलता एखाद्या क्षणी ते एका बाजूला जास्त होतात. निव्वळ योगायोगानं. तेवढ्या क्षणापुरतं त्याच्यातही कमी-जास्त येतं. आणि शेजारच्याला ते कळतं. तोही कलतो. मग क्षण संपतो."

"आणि?"

"आणि दुसरीकडे कुठेतरी तसंच होतं. मग तिसरीकडे. सगळीकडे, सारखं. तेवढ्यावर मेणबत्ती उभी असते."

लांबच्या एका पानासाठी लुआ डावीकडे बरीच झुकली. सर उजवीकडे झुकले. होडी जिथल्या तिथे राहिली. आपण झुकलो हे सरांना कळलं नाही. दोन हंगाम होडीत बसलेल्या माणसाला ते कळत नाही.

"आणि ही दोघं," लुआ परत सरळ बसत म्हणाली, "पाणी आणि मेण. यांना एकत्र आणायचंच झालं तर?"

"साबण," सर तत्काळ म्हणाले. "भांडी घासायचा पातळ साबण असतो ना, तो. त्याच्या रेणूचं एक टोक मेणासारखं, दुसरं पाण्यासारखं. एका हातानं याला धरतो, दुसऱ्या हातानं त्याला."

"मध्यस्थ."

"मध्यस्थच. फक्त जेवायला थांबत नाही."

"किती लागतो?"

"बादलीभर पाण्याला झाकणभर. का?"

"पानांना अळ्या लागतात. काही फवारलं की घरंगळून जातं."

"मग घाला झाकणभर," सर म्हणाले, आणि जगातला एक प्रश्न मिटवल्याच्या समाधानात उरलेला वेळ गप्प बसून राहिले. धुकं विरळ झालं. काठावरची स्कूटर, बाक, एक कुत्रं अशा वस्तू एकेक करून परत आल्या. सुरई भरली. वाक्य राहिलं.

घरी उयेन सुटकेसवर बसली होती, कारण त्याशिवाय ती बंद होत नव्हती.

"बाबा, यात हे पातेलं कशाला घेतलंय?"

"आईचं आहे."

"आईनं त्यात कधी काही शिजवलं नाही. गळतं ते."

"म्हणून तर टिकलं."

उयेननं पातेलं बाहेर काढलं, त्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत ठेवलं. तिची आई गेल्याला सहा वर्षं होत आली होती. उयेन पुन्हा सुटकेसवर बसली. ती एका औषधांच्या दुकानाचा कारभार सांभाळत असे आणि कुठलंही झाकण बंद होणार नाही ही गोष्ट तिला मान्य नसे.

"चौदाव्या मजल्यावर आहे घर. खोली तुमची वेगळी. वारा येतो, लिफ्ट आहे. खाली उतरलं की तलावसुद्धा आहे."

"कमळं?"

"पोहण्याचा तलाव आहे, बाबा."

"मग त्यात क्लोरीन असणार."

"असणारच. नाहीतर त्यात कमळं उगवतील."

सरांनी सुरईतलं दव किटलीत ओतलं आणि चूल पेटवली. दोन कपांत चहा केला, एक दवाचा, एक नळाच्या पाण्याचा. दोन्ही कप उयेनसमोर ठेवून त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली. उयेननं दोन्ही चाखले.

"काही फरक नाही."

"अजून नीट प्रयोग झाला नाही," सर म्हणाले.

"बाबा, मी एक विचारू?" उयेननं कप खाली ठेवला. "तुम्हाला इथं काय धरून ठेवतंय? मी भांडत नाहीये. मला खरंच सांगा, मी ऐकून घेईन. घर भाड्याचं. मित्र दोन, एकाला ऐकू येत नाही, दुसरा चिडका."

"चिडका नाही तो. पहिल्याला ऐकू यावं म्हणून ओरडतो."

"बाबा."

सरांनी तोंड उघडलं. जी गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक होती, ती स्वतःच्या मुलीला सांगायला त्यांना शब्द मिळेना.

"हवा चांगली आहे इथली," ते म्हणाले.

बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ होऊन चपलांना चिकटत होतं.

संध्याकाळी उयेननं पाहिलं, तर बाबा सदऱ्याला इस्त्री करत होते. तोंडात पाणी घेऊन फुर्र करून ते कापडावर उडवायचे आणि वरून इस्त्री फिरवायचे.

"तळ्यावर जायला इस्त्री?"

"वाफेनं कापसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि इस्त्रीखाली सरळ जुळतात. म्हणून सुरकुती जाते."

"आणि शनिवारी पहाटे ते सरळ कशाला जुळायला हवेत?"

"टिकत नाहीत म्हणा," सर इस्त्रीकडे बघत म्हणाले. "जरा दमट हवा लागली की पुन्हा आपले वाकडे."

उयेननं दारातून पुढे येऊन सदऱ्याची कॉलर उलटी केली आणि दोन्ही टोकांना ताणून धरली.

"कॉलर राहिली," ती म्हणाली.

निजण्यापूर्वी सरांनी आरशासमोर वाक्याची तालीम केली. 'मला जायचं नाही' इथपर्यंत ते व्यवस्थित जाई. पुढे 'कारण' म्हटलं की मात्र वर्ग भरल्यासारखं होई, आणि फळ्याकडे वळावंसं वाटे. शेवटी त्यांनी 'कारण' काढून टाकलं. वाक्य फारच लहान झालं. एवढ्याशा वाक्यासाठी इस्त्री केली याची त्यांना थोडी लाज वाटली.

शनिवारी धुकं आणखी दाट होतं. लुआ आधीच होडीत बसली होती, टोपली पायाशी, पानांची टोपी गुडघ्यावर. तिनं सदरा पाहिला.

"कुठे लग्नाला निघालात?"

"नाही. आज शेवटचा—" सर म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांना हवा तिथं सापडला नाही.

"खाली बघून बसा."

पानांच्या दाटीतून लुआनं एक अरुंद वाट राखली होती, रोज तीच. होडी त्या वाटेनं आत शिरली आणि मागे पानं मिटली. वल्ह्याचा आवाजसुद्धा धुक्यात भिजून येत होता. आपण उठलो आहोत की अजून अंथरुणातच आहोत, असं त्या वाटेवर सरांना नेहमी वाटायचं, आणि नेमकं कुठलं ते ठरवायची त्यांना घाई नसायची. पहिलं पान जवळ आलं. सरांनी सुरई पुढे केली.

पानावर थेंब नव्हता.

पान ओलं होतं. सबंध. पाण्याचा एक पातळ पापुद्रा पानभर पसरला होता, काचेसारखा, आणि त्याखालून पानाच्या शिरा नेहमीपेक्षा हिरव्या दिसत होत्या. सरांनी कड वाकवली. पाणी घरंगळलं नाही. सावकाश कडेपर्यंत आलं, तिथं जमलं, लोंबलं आणि लोंबतच राहिलं. पुढचं पान तसंच. त्यापुढचंही. सरांनी वाकून वास घेतला. लिंबाचा वास होता, लिंबाचं झाड जवळपास नसताना येतो तसा.

"लुआबाई, हे बघा," सरांनी पान तिच्याकडे वळवलं. "भिजलंय. कमळाचं पान भिजलंय."

"दिसतंय."

"म्हणजे हे बघा, इथं, या बाजूनं. मेण आहे तसंच आहे. पाणी आहे तसंच आहे. आणि मधे तो आलाय. एक टोक खाली, मेणात. दुसरं वर, पाण्यात. आता थेंबाला गोळा व्हायचं कारणच उरलं नाही. तो पडला पानावर आडवा."

सबंध नोकरीत त्यांना हे कुणाला दाखवता आलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत कमळ नव्हतं, आणि बराच काळ प्रयोगशाळाही नव्हती. ते बोलत राहिले. लुआ ऐकत राहिली. बोलता बोलता त्यांचं लक्ष हातातल्या रिकाम्या सुरईकडे गेलं आणि ते थांबले.

"तुम्ही फवारलंत."

"काल संध्याकाळी. बादलीला झाकणभर. तुम्हीच म्हणालात."

"औषध कुठलं घातलंत त्यात?"

"औषध कुठलं. नुसता साबण."

"नुसत्या साबणानं अळ्यांना काही होत नाही, लुआबाई."

"आमच्या अळ्यांना होतं."

सरांनी पानाची कड धरून ते उलटं केलं. खालची बाजू फिकट होती, शिरा जाड, आणि कुठेही भोक नव्हतं. त्यांनी शेजारचं पान उलटून पाहिलं. मग त्याच्या पलीकडचं. अळी नव्हती. खाल्लेली कड नव्हती. पानं अशी धडधाकट होती की बघणाऱ्यानंच ओशाळावं. सरांनी शेवटचं पान सावकाश, जसं होतं तसं, सोडून दिलं.

वारा नव्हता, तरी धुकं एका बाजूनं थोडं सरकलं. राखलेल्या वाटेच्या पलीकडे, चार हात वल्हवलं तर पोचता येईल एवढ्यावर, तळ्याचा दुसरा भाग दिसू लागला. तिथल्या पानापानात रोजचा तो गोल थेंब होता. एक नाही, जिथवर नजर जाईल तिथवर. धुक्यात अर्धवट लावून ठेवलेल्या दिव्यांसारखे. सुरई सहज भरली असती. दहा सुरया भरल्या असत्या.

सरांनी ते पाहिलं. सरांनी पाहिलं हे लुआनं पाहिलं. ती वल्ह्याच्या मुठीवरचं दोऱ्याचं वेटोळं नीट करू लागली.

खियेम सर बसल्या जागी वळले आणि त्या दिव्यांकडे पाठ करून बसले. होडीत असं वळणं सोपं नसतं. होडी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि मग लुआनं तिला थांबवलं.

"मग आता?" सरांनी विचारलं.

"आता काय. दव नाही, काम नाही." तिनं वल्हं उचलून होडीवर आडवं ठेवलं.

सुरई हातात असली की सरांना नेहमी काहीतरी करायला असे. त्यांनी ती खाली ठेवली. हात मोकळे झाले, आणि ते कुठे ठेवायचे हे न कळून त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. सदऱ्याची इस्त्री केव्हाच मोडली होती. होडी आपली आपण, अगदी हळू, एका अंगानं वळत होती. कुठेतरी मासा उसळला. त्याचा आवाज आला, तरंग आले नाहीत.

"उद्या माझी गाडी आहे," सर म्हणाले.

"ठाऊक आहे. उयेन बाजारात आली होती, सुटकेसला बांधायला पट्टा शोधत."

"कायमचं."

"तेही म्हणाली."

सर समोरच्या पानाकडे बघत राहिले. लोंबणारा थेंब अजून लोंबतच होता.

"पाण्याचा जो—" त्यांनी सुरुवात केली.

"पाणी राहू दे, सर," लुआ म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त त्यात टोचायला काही नव्हतं. धुकं परत जवळ आलं होतं. आता पानंही दिसेनाशी झाली होती. होडीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. दोन माणसं, एक रिकामी सुरई आणि आडवं वल्हं, एवढंच जग शिल्लक होतं. ते तरंगत होतं की थांबलं होतं, कुणास ठाऊक.

"मला जायचं नाही," सर म्हणाले.

वाक्य लहानच होतं. म्हणून झाल्यावर त्याच्याभोवती खूप जागा उरली.

"मग?"

"मग काही नाही. एवढंच होतं." सर थांबले. "म्हणजे, एवढंच नव्हतं."

"हं."

ह्वेमध्ये कुणी सहसा 'हो' म्हणत नाही. ते उथळपणाचं दिसतं. 'नाही'ही म्हणत नाहीत; ते उद्धटपणाचं. मधे जी जागा उरते तिच्यात लोकांची लग्नं होतात. खियेम सर याच गावात जन्मले, याच गावात त्यांचं पहिलं लग्न झालं, तेव्हा त्यांना हे ठाऊक असायला हरकत नव्हती. तरी ते लुआच्या तोंडाकडे बघत राहिले, निकालाच्या फळ्यासमोर पोरं उभी राहतात तसे.

लुआनं वाकून पायाखालचा पत्र्याचा वाडगा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"होडीत पाणी येतंय. काढा."

सरांनी वाडगा घेतला.

"रोज येतं?"

"रोज. एका हातानं वल्हवायचं, एका हातानं काढायचं. तुम्ही नुसते त्यात बसता."

"फळी बदलायला हवी."

"बदलायची तर होडी काठावर ओढावी लागते. पावसाळ्याच्या आधी. एकटीला ओढत नाही."

"पावसाळा कधी?" सरांनी विचारलं, जन्मभर तिथं भिजलेल्या माणसानं.

"उद्याच्या गाडीनंतर," लुआ म्हणाली.

ती वल्हं हातात घेऊन दुसरीकडे बघू लागली. तिचा कान मात्र इकडेच होता, हे सरांना तिच्या मानेवरून दिसत होतं. त्यांनी एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा होडीच्या तळाकडे. मग बाह्या वर सरकवून ते पाणी काढू लागले. पहिले काही वाडगे त्यांनी होडीचा कल न बघता स्वतःच्याच अंगावर ओतले. लुआ हसली नाही. तिनं होडी वळवली आणि काठाच्या उलट्या दिशेनं, आणखी आत, सावकाश नेऊ लागली.

सर घरी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. उयेन उंबऱ्यावर बसून वाडग्यातल्या तांदळाच्या शेवया खात होती. तिनं बाबांच्या पायापासून वरपर्यंत पाहिलं. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, सदरा छातीवर भिजलेला, हातातली सुरई पालथी.

"दव?"

"नाही मिळालं."

"मग इतका वेळ?"

"होडीत पाणी येत होतं."

सर तिला ओलांडून आत गेले. सुटकेसचा नवा पट्टा त्यांनी सोडला तेव्हा झाकण आपोआप उघडलं, दोन दिवस त्याचीच वाट बघत असल्यासारखं. त्यांनी एक सदरा काढून झटकला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. मग दुसरा. मग हिवाळ्यातली बंडी. उयेन उंबऱ्यावरून मान वळवून बघत होती. तिनं शेवया खाणं थांबवलं नाही, फक्त ती सावकाश खाऊ लागली.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे."

"लुआमावशींना ठाऊक आहे?"

"फळी बदलायची आहे होडीची," सर म्हणाले. "पावसाळ्याच्या आधी."

"बरं."

तिनं वाडगा खाली ठेवला, ओठ पुसले आणि अंगणात जाऊन नवऱ्याला फोन लावला. सर पातेलं हातात घेऊन ते कुठे ठेवायचं याचा विचार करत होते. तिचं बोलणं खिडकीतून तुटक तुटक आत येत होतं.

"येत नाहीयेत... नाही, तब्येत ठीक आहे... अरे, मी कशाला भांडू... होडीची फळी... फळी, फळी... मलाही पुरतं नाही कळलं, आल्यावर सांगते." मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत होती. अंगणातल्या दोरीवरचा टॉवेल तिनं काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "नको, बाबांची खोली भाड्यानं नको द्यायला. त्या खोलीत आपण कपडे वाळत घालू."

सायगॉनला त्या आठवड्यात रोज पाऊस होता आणि कपडे वाळत नव्हते.